हिरवी पाटी, परळीची राख

बीडच्या बसस्टँडसमोर चहाला उभ्या असलेल्या चार माणसांत हल्ली पाच पक्ष निघतात. ते पक्ष नव्हेत. त्यांची मोजदाद आम्ही कधीच सोडून दिली. हे इंधनाचे पक्ष. एक कट्टर डिझेलवाला, एक सीएनजीवाला, एक नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेला आणि एक ‘थांबा हो, गडकरीसाहेब हायड्रोजन आणायलेत’ असं सांगून सगळ्यांची खरेदी लांबणीवर टाकणारा. पाचवा पक्ष चहावाल्याचा. त्याच्याकडं गाडीच नाही, त्यामुळं त्याचं मत सगळ्यांत ठाम.

“मांजरसुंब्याचा घाट चढताना बॅटरी उतरली तर काय करशील रं?” डिझेलवाला विचारतो.

“अन् तुझं डिझेल नव्वदीच्या पुढं गेलं तर?”

“ते गेलंच हाय कवाच.”

“मंग काय करायलास?”

“काय करणार? भरायलोय की.”

वाद इथंच संपायला हवा होता. पण बीडमध्ये वाद संपवायची पद्धत नाही, फार तर दुसऱ्या दिवशीवर ढकलतात.

आधी इलेक्ट्रिकवाल्याकडं बघू. त्याच्या गाडीला हिरवी नंबरप्लेट आहे आणि तिच्याकडं बघण्याची त्याची नजर अशी, की जणू गोदावरी त्यानंच शुद्ध केली. धूर नाही, आवाज नाही, ऑइल बदलायचं नाही. सगळं खरं. पण रात्री दहाला तो प्लग लावतो तेव्हा भिंतीतून येणारी वीज कुठली? ग्रीडमध्ये सगळ्यांची वीज एकत्र होते. कुठल्या घरात कुठली गेली हे महावितरणलाही सांगता यायचं नाही. मात्र राज्याच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. आणि कोळशाची वीज म्हटली की आपल्याला लांब जायची गरज नाही. वैजनाथाच्या परळीत 250 मेगावॉटचे तीन संच उभे आहेत. जुने संच थकून बंद पडले, ते वेगळे.

म्हणजे सुभाष रोडवरचा धूर गेला. कुठं गेला? परळीला. धूर संपत नाही, तालुका बदलतो.

इथं डिझेलवाला टाळी मागायला हात पुढं करील. त्यानं तो मागं घ्यावा. विजेची मोटार मिळालेल्या ऊर्जेतला बहुतेक भाग चाकापर्यंत पोहोचवते. डिझेलचं इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता करून सोडून देतं. बीडच्या मे महिन्यात आणखी उष्णतेची कोणाला गरज आहे? त्यामुळं कोळशाची वीज धरूनही इलेक्ट्रिक गाडी साधारणपणे उजवीच ठरते. फक्त ती ‘प्रदूषणमुक्त’ असल्याचं सांगताना आवाज थोडा खाली ठेवावा. परळीकर ऐकत असतात. त्यांच्या छपरावर, वाळत घातलेल्या धोतरावर आणि पाण्याच्या पिंपावर राख बसते.

या राखेची गोष्ट तर फारच सुंदर आहे. कोळसा जळून उरलेली राख दाऊतपूरच्या तळ्यात जाते आणि तिथून वीटभट्ट्यांना, सिमेंटला निघते. ती वाहतं कोण? हायवा. हायवा चालतो कशावर? डिझेलवर. तुमच्या स्कूटरच्या चार्जिंगमागची राख उचलायला डिझेलचा हायवा लागतो. तो ताडपत्री न टाकता भरधाव जातो आणि मागून येणाऱ्या हिरव्या पाटीच्या स्कूटरस्वाराच्या डोळ्यांत तीच राख घालतो. वर्तुळ पूर्ण.

परळीच्या विजेचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. तिला कोळशासारखंच पाणीही लागतं. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. डिझेलची गाडी पंप बंद असल्यामुळं थांबते. आमच्या जिल्ह्यात विजेची निर्मिती पाऊस पडला नाही म्हणून थांबलेली आहे. आभाळाकडं बघून पेरणी करणारा शेतकरी आम्ही पाहिलाय. आभाळाकडं बघून वीज करणारं केंद्रही आमच्याकडंच आहे.

हायड्रोजनवाल्याला इथंच गाठायला हवं. 30 मार्च 2022 ला गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले. गाडीचं नाव मिराई, धुराच्या नळीतून बाहेर पडतं ते पाणी. देशानं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, कारण नळीतून का होईना पाणी येतंय हे ऐकूनच बरं वाटलं. पण पाण्यापासून हायड्रोजन काढायचा तर एका किलोला निदान नऊ लिटर पाणी जातं, शुद्ध करण्यातली नासाडी वेगळी. आष्टी-पाटोद्याकडं उन्हाळ्यात ते पाणी टँकरनं आणावं लागेल. टँकर डिझेलचा. तेव्हा हायड्रोजनवाल्यानं गाडीचं बुकिंग करण्याआधी ग्रामपंचायतीत टँकरच्या मागणीचा ठराव घ्यावा.

सीएनजीचं फार बोलायला नको. जिथं पाइपलाइन पोहोचली नाही, तिथं गॅस ट्रकवर लादून येतो, आणि येईपर्यंत रिक्षावाले पंपावर डबा खातात. 5 जुलै 2024 ला बजाजनं पुण्यात सीएनजीची मोटारसायकल आणली. बरी आहे. रांगेत दोन चाकंही उभी राहू लागली एवढाच फरक.

खरं तर पर्यायी इंधनाचं ज्ञान बीडला दिल्लीनं शिकवावं, ही दिल्लीची हिंमत म्हणायची. ‘पर्यायी इंधन’ हा शब्द कागदावर यायच्या आधी आमच्या काळ्या-पिवळ्या जीप रेशनच्या निळ्या रॉकेलवर धावत होत्या. शिवण्याच्या मशीनची हालत झालेलं इंजिन, मागं पांढरा ढग, टपावर आठ माणसं आणि एक बोकड. त्यानंतर मारुती व्हॅन आली आणि सीटखाली घरचा लाल सिलिंडर गेला. वहिनी चूल फुंकत होत्या, भाऊ गॅसवर सीट मारत होते. धोरण नाही, अनुदान नाही, उद्घाटन नाही, थेट अंमलबजावणी. कायद्यात बसत नव्हतं, हा एवढाच त्या योजनेतला दोष. आणि मधूनच व्हॅन पेट घ्यायची, हा दुसरा.

सरकारचा प्रयोग मात्र कायद्यात बसणारा होता: जत्रोफा. म्हणजे आपला मोगली एरंड. माळरानावर लावा, बियांचं डिझेल काढा, पडीक जमीन सोनं ओकील, असं वीस-एक वर्षांपूर्वी कोणत्या कृषी मेळाव्यात सांगितलं गेलं नाही? 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात तर 2017 पर्यंत डिझेलमध्येही 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचं लक्ष्य होतं. 2017 आलं आणि गेलं. जत्रोफा कुंपणाला बरा, शेळी तोंड लावत नाही, एवढी उपयुक्तता मात्र सिद्ध झाली. त्याच सुमारास फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी गोड ज्वारीपासून इथेनॉल आणि विजेवरची रिक्षा अशा दोन्ही गोष्टींवर काम करून बसले होते. ज्वारी आमच्याकडं पिकते. पण तिच्या पाठीशी साखरेसारखी लॉबी नाही. ज्वारीचे संचालक कधी निवडणुकीला उभे राहिलेले ऐकलेत?

आता इथेनॉल. हा खरा आमचा विषय, कारण इथं बीडच्या माणसाचा हात लागतो. शब्दशः हात.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य देशानं 2030 च्या आधीच, 2025 मध्येच गाठलं. लगेच शहरात ओरड सुरू झाली, की ॲव्हरेज पडलं, रबरी नळ्या खराब होतात, जुन्या गाडीचं काय. तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरणारच. पण त्या 20 टक्क्यांत काय-काय विरघळलंय, हे नळ्या तपासणाऱ्यांनी कधी तपासलं नाही.

हिशेब करू. पाटी-पेन्सिल पुरेल. ऊस थेट रसापासून इथेनॉलला वळवला तर एका टनातून साधारण 70 लिटर निघतं. 2024-25 च्या हंगामात रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला 65 रुपये 61 पैसे. म्हणजे टनाचे साडेचार हजारांवर. तो टन तोडणाऱ्या, बांधणाऱ्या आणि डोक्यावरून गाडीत टाकणाऱ्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून, जानेवारी 2024 च्या 34 टक्के वाढीनंतर टनाला मिळतात 366 रुपयांच्या आसपास. भागिले 70. लिटरभर इथेनॉलमागं सव्वापाच रुपये. आणि पंपावरच्या लिटरभर पेट्रोलमध्ये इथेनॉल पाव लिटरही नाही, 200 मिलिलिटर. तिथं कोयत्याचा वाटा किती? एक रुपया. दोघांत.

(अलीकडं इथेनॉलला मका उसापेक्षा जास्त लागतो, हे मला माहीत आहे. मका तोडायला केजचं अख्खं गाव लेकरं-बाळं घेऊन कर्नाटकात जात नाही, म्हणून तो हिशेब इथं घेतला नाही.)

त्या एका रुपयासाठी दिवाळी झाली की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केजच्या तांड्यावस्त्यांतून ट्रक भरतात. ज्वारीचं पोतं, चार भांडी, ताडपत्री, कोंबडी, शाळेतून उचललेलं पोर. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, म्हणजे गाडी निघायच्या आधी इंधन संपलेलं. ट्रक अर्थात डिझेलचा. पहाटे तीनला थंडीत कोयता चालवणाऱ्या बाईनं आजपर्यंत पेट्रोल पंपावर जाऊन ‘ई-20 द्या’ म्हटलेलं नाही. तिच्या टनाचं पेट्रोल झालं, की ती पुढच्या फडात असते.

फडात एक गाडी मात्र अशी आहे, की तिला कोणतंच धोरण लागू नाही: टायर सेंटरची बैलगाडी. इंधन वाढे. उसाच्या शेंड्याचा हा हिरवा पाला गाडीमागंच मिळतो आणि उरलेला विकून चार पैसेही होतात. असं इंधन, की जे गाडी स्वतःच भरून आणते, जर्मनीला अजून जमलेलं नाही. वजन फार होतं, बैलाची मान दुखावते, हेही खरं. 2022 मध्ये इस्लामपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी गाडीच्या पुढं जुवाखाली आधाराचं एक चाक बसवून बैलांवरचा भार हलका केला होता. तो व्हिडिओ देशभर फिरला. चाक किती गाड्यांना बसलं, ते बैलांना विचारावं लागेल.

धोरणाचा भरवसा किती, तेही बघा. इथेनॉल करा, इथेनॉल करा, म्हणून कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या टाकल्या. 2023 ला पाऊस रुसला, साखर कमी पडण्याची भीती वाटली, आणि 7 डिसेंबरला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती थोडी सैल केली. म्हणजे परळीची वीज पावसावर, इथेनॉल पावसावर, हायड्रोजन पाण्यावर. शेवटी पावसाशी ज्याचा संबंध नाही असं एकच इंधन उरतं, आणि ते अरबस्तानातून येतं.

डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग फसला, आता आयसोब्युटेनॉल मिसळून बघतायत, असं गडकरींनीच 2025 मध्ये सांगितलं. नाव उच्चारता येईपर्यंत पुढचं येईल.

वारा राहिला. बालाघाटाच्या डोंगररांगांवर पवनचक्क्या फिरतायत. लांबून बघायला शांत वाटतात. पण जवळ जाऊन विचारा: जमिनीचा मोबदला कोणाला, रस्ता कोणाच्या वावरातून, कामाचं कंत्राट कोणाच्या भाच्याचं. केज तालुक्यात पवनऊर्जा कंपनीकडं दोन कोटींची खंडणी मागितल्याचा आरोप आहे आणि त्याच प्रकरणाच्या मागोमाग 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली. खटला कोर्टात आहे. इथं विनोद थांबतो. ‘स्वच्छ ऊर्जा’ हा शब्द या जिल्ह्यात जपून वापरावा, एवढंच म्हणतो.

आता बघा, परळीनं वीज दिली, कोयत्यानं इथेनॉल दिलं, बालाघाटानं वारा दिला. बदल्यात वाहन काय आलं? रेल्वे आली. नगर-बीड-परळी, 261 किलोमीटर, मंजुरी 1995 ची. नगरहून आष्टीला 2022 मध्ये पोहोचली आणि बीडला 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं वाट पाहिलेली माणसं स्टेशनवर आली, म्हाताऱ्यांनी डब्याला हात लावून बघितला. आणि आली कोणती? डेमू. डिझेलची. देशातली जवळजवळ सगळी ब्रॉडगेज विजेवर गेल्याचे आकडे रेल्वे छातीठोक सांगत असताना बीडच्या रुळांवर पहिली गाडी डिझेलचा धूर सोडत आली. आम्ही त्या धुराचंही स्वागत केलं. तीस वर्षांनी पाहुणा आल्यावर तो काय खातो हे कोणी विचारत नाही.

टोलमाफीचंही तसंच. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसना पूर्ण टोलमाफी मिळाली: मुंबई-पुणे द्रुतगती, अटल सेतू आणि समृद्धीवर. तिन्हींपैकी एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही. समृद्धी शेजारून, जालन्यातून जाते. तिचे दिवे बघायला जाता येईल. बीडच्या इलेक्ट्रिक मोटारवाल्यानं पाडळसिंगीच्या नाक्यावर हिरवी पाटी दाखवून बघावी. नाक्यावरचा पोरगा तिचं कौतुक करील आणि पैसे कापून घेईल.

पुढाऱ्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. चाकणमध्ये महिंद्रानं मोठाल्या इलेक्ट्रिक गाड्या बनवायला घेतल्यात, पैसे असलेल्या माणसाला अडचण नाही. अडचण आवाजाची. ताफा गावात शिरल्याचं कळायला स्कॉर्पिओची घरघर हवी, ब्रेकची करकर हवी, धूळ हवी. अकरा गाड्या आवाज न करता वेशीतून आत आल्या तर लोक म्हणतील, साहेब पडले वाटतं. त्यातून सभा उशिरा संपली आणि अकराच्या अकरा गाड्या एकाच डीपीवर चार्जिंगला लावल्या, की डीपी जळाला. मग गाव अंधारात, आणि ज्याच्यासाठी सभा घेतली त्या मतदाराचं मत जाग्यावरच बदललं. नवा डीपी मिळेपर्यंत त्याचं पीक वाळतं, हे साहेबांपेक्षा त्याला जास्त कळतं.

तर घ्यावं काय? लोक विचारतात, म्हणून सांगून टाकतो. गावातल्या गावात रोज वीस-तीस किलोमीटर फिरणारा मास्तर, दूधवाला, औषधाचा एजंट असाल, घरी स्वतःचा मीटर असेल आणि आकड्यावर काम भागत नसेल, तर इलेक्ट्रिक दुचाकी डोळे झाकून घ्या. महिन्याला पेट्रोलचे पैसे वाचतील आणि किती वाचले ते बायकोला सांगू नका. आठवड्याला पुण्याच्या वाऱ्या असतील तर चार्जर सगळीकडं चालू दिसेपर्यंत थांबा. ‘चार्जर आहे’ आणि ‘चार्जर चालू आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ट्रॅक्टरवाल्यानं घाई करू नये. सोनालिकानं विजेचा ट्रॅक्टर डिसेंबर 2020 मध्येच आणलाय, पण दोन ट्रॉल्या भरून रात्रभर कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबर लावायचं काम त्याच्याकडून करून घ्यायची घाई अजून कोणाला दिसत नाही.

एसटीचं तर आधी व्हायला हवं होतं. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, आणि 1 जून 2022 ला विजेवरची पहिली ‘शिवाई’ही त्याच रस्त्यावरून धावली. मग 5150 विजेच्या बसचा करार झाला, गाड्या वेळेत आल्या नाहीत आणि 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी करारच रद्द करण्याची भाषा केली. तोवर बीडच्या आगारातला मेकॅनिक जुन्या डिझेलच्या गाडीला दोरीनं बंपर बांधून मार्गस्थ करतो, आणि ती पोहोचतेही.

एक गोष्ट मात्र बीडच्या हातात आहे. सौर कृषिपंप बसवण्यात आपला जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. वावरावावरांत निळी पॅनेलं चमकतायत. पण पंप वर्षभर चालत नाही; विहीर आटली की मार्च ते जून तर बिलकूल नाही. ऊन कडक असतं तेव्हाच पॅनेल रिकामं. नुसत्या पंपाच्या नियंत्रकाऐवजी युनिव्हर्सल कंट्रोलर बसवला, तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी चालते, गिरणी चालते, बॅटरीही चार्ज होते. कुसुम योजनेत त्याची तरतूद आहे. ना परळीची राख, ना टँकर, ना डीपी, ना मुकादम.

तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालय, महावितरण आणि पुढच्या अधिवेशनाला जाणाऱ्या आमच्या सगळ्या पक्षांच्या आमदारांना विनंती, की यापुढं बीडमध्ये बसणाऱ्या प्रत्येक सौरपंपासोबत युनिव्हर्सल कंट्रोलर द्या, आणि बसलेल्या पंपांना तो अनुदानात बदलून द्या. अर्ज ऑनलाइन ठेवणार असाल, तर सर्व्हर दिवसा चालू ठेवा. रात्री आमच्याकडं लाइट नसते.